व्हार्निशचे दोन हात

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘काटा मॅडम’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. काटा म्हणजे वजनाचा काटा. समोर कोण उभं आहे हे तो बघत नाही. संग्रहालयाच्या तळघरात तिचं टेबल, आणि त्या टेबलावर पिवळे, मधाळ, लालसर खडे यायचे. कुणी खापरपणजीच्या माळेतला मणी आणी, कुणी ‘आत माशी अडकलीय, लाखमोलाचा आहे’ म्हणत रुमालात गुंडाळलेला खडा. ती त्यातला मोहरीएवढा कण काढी, यंत्राला खाऊ घाली आणि थंडपणे सांगे, ही अमुक झाडाची राळ, कोट्यवधी वर्षं जमिनीत मुरलेली. ही परवा-परवाची, अजून कच्ची. आणि हे, बाई, चक्क प्लास्टिक आहे, माशीसकट. लोक रडत, भांडत, ‘तुमचं मशीनच बिघडलंय’ म्हणत. काटा हलत नसे.

तर अशा या काट्याने स्वतःच्या सासऱ्यांनाच खोटं पाडलं होतं.

सासरे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. उभा जन्म जमिनीखाली मोजमापं घेण्यात गेला. तिथल्या एका खोल बोगद्यात, कोळशाच्या थराला चिकटलेले असेच पिवळे खडे त्यांना सापडले. बाकीच्यांनी ते लाथेने उडवले, यांनी खिशात घातले. पुढे खाण बंद झाली, पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरले. आता कुणी म्हटलं तरी तिथे जायची सोय नाही. राहिले ते यांच्या घरातले खडे. बारके-बारके काचेच्या बरणीत, आणि सगळ्यांत मोठा, मुठीएवढा, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर. येता-जाता सासरे तो बाहीने पुसायचे. सासूबाई म्हणायच्या, “मला एवढं पुसलं असतं ना, तर मीही चमकले असते.”

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं. मुलाने जन्मात एक गोष्ट धड केली, राळेची जाणकार पोरगी घरात आणली, असं ते येईल-जाईल त्याला सांगत सुटले. आणि मग रोज जेवताना तोच प्रश्न. “कोणतं झाड असेल गं ते?” ती म्हणायची, “बघू बाबा, एकदा मशीनवर घालून.” या ‘बघू’त वर्षं गेली. दुसऱ्यांचे मणी तपासायला वेळ होता. घरचा खडा काय, फळीवरच आहे, पळून जातोय थोडाच!

मग संग्रहालयात जुन्या अरण्यांचं नवं दालन करायचं ठरलं. तिचे मोठे साहेब एकदा घरी येऊन गेले होते, त्यांना फळीवरचा खडा आठवला. म्हणाले, “आपल्याच खाणीतली अश्मीभूत राळ! दारातच काचेच्या पेटीत ठेवू. खाली सासऱ्यांचं नाव घालू.” सासरे त्या दिवशी लहान मुलासारखे हरखले. उद्घाटनासाठी नवे बूट आणले, घरातल्या घरात घालून चालून पाहिले, चावताहेत म्हणाले, तरी काढले नाहीत. बागेतल्या बाकावर त्यांचे खाणीतले जुने सोबती संध्याकाळी बसत, त्या सगळ्यांना आमंत्रणं तोंडी देऊन झाली.

पेटीत ठेवण्याआधी तपासणी व्हायलाच हवी होती. ती म्हणाली, “साहेब, घरचं आहे, दुसऱ्या कुणाला द्या.” साहेब म्हणाले, “दुसरं आहे कोण?” खरंच नव्हतं.

आता या कामाचा पहिला धडा काय, तर वरचा थर खरवडून टाकायचा आणि आतला कण घ्यायचा. वर हाताचं तेल असतं, धूळ असते, काय-काय असतं. हे तिने नव्या माणसांना इतक्यांदा बजावलं होतं की ते झोपेतही म्हणून दाखवतील. पण खडा हातात घेतल्यावर तिला बाहीने पुसणारे सासरे दिसले. एवढी आरशासारखी चमक, तिला चरा पाडायचा? तिचा हात धजेना. तिने खडा पालथा केला आणि बुडाकडून, त्यांना कळणारही नाही असा, अगदी पातळ पापुद्रा ब्लेडने काढला. तो द्रावकात टाकला, हलवला, वरचं द्रावण यंत्राला दिलं.

यंत्राने ग्राफ काढला. एकेक शिखर ओळखीचं. ताज्या राळेचं. चित्रकार आणि सुतार ज्याचं व्हार्निश करतात, दुकानात पुडीत मिळते, ती राळ. खाली पायथ्याशी दोन-चार बारीक, वेडीवाकडी शिखरं होती, ती तिने कचऱ्यात काढली.

पुन्हा करून बघावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं. लोक काय म्हणतील? दुसऱ्यांचं एकदाच करते, आणि सासऱ्यांसाठी मनासारखा निकाल येईपर्यंत मशीन फिरवत बसली. काट्याला घरची माया आडवी आली म्हणतील. बस्स, तिथेच मान ताठ झाली. तिने सही ठोकली. अश्मीभूत नाही, अलीकडची राळ.

पेटीत शंख-शिंपले गेले. साहेब तिला म्हणाले, “शाब्बास, हे सोपं नव्हतं.” तिला बरं वाटलं. वाटलं, हो! खोटं कशाला सांगा.

बाकावर मात्र बातमी पोचायला वेळ लागला नाही. “काय हो, खाणीत किराणा दुकान होतं वाटतं?” “पुडी किती खोल पुरली होतीत?” चेष्टाच ती, पण एक जण चेष्टा न करता म्हणाला, “म्हाताऱ्याने नावासाठी केलं असेल, जाऊ द्या.” सासऱ्यांनी बाकावर जाणं सोडलं. नवे बूट खोक्यात गेले. तिला ते एवढंच म्हणाले, “कामात नातं आणलं नाहीस, चांगलं केलंस. मलाच कुणीतरी फसवलं असेल त्या वेळी.” कोण फसवणार होतं त्यांना, कोळशाच्या थरात, स्वतःच्या हाताने काढलेल्या खड्याबाबत? पण तेच असं म्हणाले, आणि तिने ते म्हणू दिलं. मोठा खडा त्यांनी परत मागितलाच नाही. “असू दे तिकडेच,” म्हणाले. जेवताना झाडाचा प्रश्नही बंद झाला.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण मशीनच्या दुरुस्तीची माणसं यायची होती आणि साहेबांनी फर्मान काढलं, जुन्या कुप्या फेका, जागा करा. ती एकेक कुपी उचलून डब्यात टाकत होती. एक कुपी हातात राहिली. द्रावक कधीच उडून गेला होता, आणि तळाशी चुरा होता. पिवळा. कुपीवर अक्षर तिचंच.

ती खाली बसली. तो पिवळा चुरा विरघळला कसा नाही?

ताजी राळ द्रावकात टाकली की साखरेसारखी जाते, मागे काही राहत नाही. न विरघळता राहते ती जुनी. जमिनीत कोट्यवधी वर्षं राहून तिचे कण एकमेकांत असे गुंतलेले असतात की द्रावकाने हलत नाहीत. यंत्राने तिला जे विरघळलं होतं त्याचंच नाव सांगितलं होतं. जे विरघळलंच नाही, ते या कुपीत बसून होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. कोळशाची धूळ असेल म्हणून झाकण लावलं होतं. कोळशाची धूळ, आणि पिवळी!  या राळेच्या कामात पहिल्या वर्षाला असलेल्या माणसानेही ही चूक केली असती तर तिने त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली. हात धुऊन स्वयंपाकघरात येते तोच सासरे बरणी घेऊन आले. “अगं, तुझ्या सासूला ही बरणी हवीय, बिस्किटांना. यातल्या राळेचं काय करू?”

हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, बाबा, थांबा. पण तिने स्वतःला समजावलं, आधी खात्री करू. एकदा त्यांना वर चढवून खाली आपटलंय, पुन्हा आशा लावली आणि पुन्हा खोटी निघाली तर म्हातारा माणूस खचेल. किती शहाणपणाचं वाटलं ते! आणि त्या शहाणपणाच्या खाली होती ती निव्वळ भीती. सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून ‘मी चुकले’ म्हणायची भीती. ती भाजीकडे बघत म्हणाली, “तुमचीच आहे बाबा, तुम्हाला वाटेल ते करा.”

“बरं,” ते म्हणाले आणि बरणी घेऊन गेले.

पुढचे काही दिवस ती तळघराबाहेर पडली ती फक्त झोपायला. नवऱ्याने विचारलं, “बरं नाही का तुला?” तर म्हणाली, “काम आहे.” मशीन दुरुस्त होताच तिने कपाटातून मुठीएवढा खडा काढला. या वेळी रीतीने. कापसाचा बोळा द्रावकात बुडवून आधी वरचा थर पुसायला घेतला. बोळा पिवळा झाला, चिकट झाला, बोटांना ओढू लागला. आणि त्याला वास आला. टर्पेंटाइनचा, अगदी पुसट.

 तिला आठवलं.

नवं लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. सासरे एका सकाळी घाबरेघुबरे होऊन आले होते. “अगं, याला तडे जाताहेत बघ. काय करू?” हवा लागून असं होतं, हे तिला माहीत होतं. तिने संग्रहालयातून, लाकडी चौकटींना लावतात त्या व्हार्निशची अर्धी बाटली आणून दिली होती. “दोन हात द्या पातळ, काही होणार नाही.” सासऱ्यांनी ब्रश घेऊन जीव लावून दोन हात दिले. मोठ्या खड्याला दिले आणि माणूस पडला कामाचा पक्का, म्हणून बरणीतल्या बारक्यांनाही एकेक करून दिले. खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातलेले ते खडे तिने स्वतः पाहिले होते. त्यावर ती हसलीही होती. आणि पार विसरून गेली होती.

ती उठून कपाटाकडे गेली. बाटलीचं भावंड अजून तिथेच होतं. त्यातला थेंब यंत्राला दिला. ग्राफ आला, तो सासऱ्यांच्या खड्याचा जुना ग्राफ. शिखरावर शिखर. म्हणजे तिने आपणच लावायला सांगितलेलं व्हार्निश तपासलं होतं, आणि सासऱ्यांना लबाड ठरवून मोकळी झाली होती. तिला स्वतःच्या सहीची शिसारी आली. सगळं जग म्हणत होतं काटा झुकत नाही. अरे, पण पारड्यात काय ठेवलंय ते तरी बघायचं होतंस ना!

मग तिने आतला कण घेतला, या वेळी तापवून, मोडून, पुरता तपासला. उत्तर लख्ख आलं. अस्सल अश्मीभूत राळ. सूचिपर्णी झाडाची. पायथ्याशी ती कचऱ्यात काढलेली बारीक शिखरं आता डोंगराएवढी होऊन उभी होती.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते टेबलावर बोटं वाजवू लागले. “अहो, त्या पेटीत आता शंख आहेत. शाळांच्या सहली येऊन गेल्या. तुम्ही घरी सांगून टाका ना, सासऱ्यांना बरं वाटेल. कागदोपत्री कशाला? उद्या लोक म्हणतील, यांचे बाकीचेही रिपोर्ट बघा.”

“बघू देत,” ती म्हणाली. “मीही बघणार आहे.”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सही केली. पेटीतले शंख काढायचेही कबूल केले, वैतागून का होईना. ती नवा रिपोर्ट पिशवीत घालून निघाली तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. वाटेत तिने काय-काय ठरवलं! आधी पाया पडायचं की आधी सांगायचं? खोक्यातून बूट काढायचे. त्यांना हाताला धरून बाकापर्यंत न्यायचं आणि त्या सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचून दाखवायचा, ज्याने नावासाठी केलं असेल म्हटलं होतं त्याच्यासमोर तर दोनदा.

जिन्यातच तिला वास आला.

गोड, धुरकट, रानातला वास. घरांच्या जिन्यात कधी येत नाही असा. ती एकेक पायरी थांबत चढत होती, कारण नाकाला कळलं होतं आणि डोकं मानत नव्हतं. तिने दार लोटलं. बाहेरच्या खोलीत धूर कोंदला होता. खिडकीपाशी सासरे छोट्या विजेच्या शेगडीपुढे बसले होते. शेगडीवर जुना लोखंडी तवा, तव्यात शेवटचे दोन-तीन खडे फसफसत, काळे पडत वितळत होते. बाजूला बरणी. धुऊन, पालथी घातलेली.

“आलीस? बघ, एक डास राहिला नाही,” सासरे खोकत म्हणाले.

“पहिल्यांदाच उपयोगी पडली ती राळ,” सासूबाई आतून म्हणाल्या. “रोज थोडी-थोडी जाळताहेत. तू घरी येतेस तोवर वास उडालेला असतो, म्हणून तुला कळलं नाही. आज जरा जास्तच झालं पण, जीव घुसमटला.”

रोज थोडी-थोडी. म्हणजे ती ज्या संध्याकाळी भाजीकडे बघत बोलली होती, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ती तिकडे खात्री करत होती, आणि इकडे हे.

तिने पुढे होऊन शेगडी बंद केली. तव्यात हात घातला. “अगं, भाजेल!” सासरे ओरडले. भाजलंच. हाताला लागला तो नुसता काळा डांबरासारखा गोळा. ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून रडायला लागली.

“बाबा, ती खरी होती. मी चुकले. मी नुसतं वरचं व्हार्निश तपासलं. मीच दिलेलं, तुम्ही दोन हात दिलेत ते. आणि काहीतरी चुकलंय हे मला त्या दिवशीच कळलं होतं, तुम्ही बरणी घेऊन आलात तेव्हाच. मी बोलले नाही. मला तोंड नव्हतं, बाबा.”

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.  सासऱ्यांनी पालथी बरणी उगाचच उचलली, आत बघितलं, पुन्हा ठेवली.

“व्हार्निशचं मला आठवलं होतं,” ते हळूच म्हणाले. “तुझा रिपोर्ट आला त्याच रात्री. म्हटलं, विचारावं का? पण तूच दिलेलं ना ते. म्हटलं, तिला माहीतच असणार, तिने ते धरूनच केलं असेल. एवढी शिकलेली पोर, तिला काय विचारायचं.”

रागावले असते तर बरं झालं असतं. तिने मान वर केली नाही. पिशवीतला रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला, मोठा खडा शाबूत आहे, पेटीत जाणार आहे, नाव लागणार आहे, असं काहीबाही बोलत राहिली. त्यांनी कागद बघितला नाही. जळलेल्या तव्याकडे बघत होते.

“आणि झाड?” त्यांनी विचारलं. “झाड कोणतं होतं गं?”

“सूचिपर्णी,” ती म्हणाली. “उंच, सरळसोट. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हा तिथे त्यांचं रान होतं. त्याला जखम झाली की ही राळ गळायची.”

“रान होतं,” सासरे म्हणाले. “मला वाटायचंच.”

सासूबाईंना ठसका लागला. पदर नाकाला लावून त्या खिडकीकडे गेल्या आणि त्यांनी दोन्ही दारं उघडली. धूर बाहेर ओढला जाऊ लागला.

“उघडू नकोस,” सासरे म्हणाले. आवाज इतका वेगळा होता की सासूबाई थबकल्या.

तीच उठली. भाजलेल्या हाताने तिने खिडकी लावून घेतली, आणि परत येऊन त्यांच्याजवळ फरशीवर बसली. डोळे चुरचुरत होते. सासरे डोळे मिटून, छाती भरभरून श्वास घेत होते.